गाडी आमची, भाडंही आमच्याच माथी?

मुंब्रा बायपासवर टेम्पोने मागून धडक दिली. माझा धाकटा भाऊ नशिबाने गुडघे सोलवटण्यावर सुटला. गाडी मित्रांनी जवळच्या गॅरेजला नेऊन लावली. "सात-आठ हजारांत होईल," असं तिथे तोंडी सांगितलं गेलं. चार दिवसांनी आकडा आला २३,४००. कोणालाही न विचारता इंजिन खोललेलं होतं. दोन आठवडे वाद झाला. शेवटी "गाडी परत द्या, दुसरीकडे करतो," म्हटल्यावर नवा हिशेब पुढे आला: खोलायचे १,५०० आणि 'पार्किंग' रोजचे २०० प्रमाणे १९ दिवसांचे ३,८००. एक स्क्रूही न बसवता ५,३०० रुपये! भाऊ डिलिव्हरीचं काम करतो. गाडी नाही तर कमाई नाही, आणि हे गॅरेजवाल्याला पक्कं माहीत होतं.

घरात सगळे म्हणाले, "देऊन टाका, गाडी आणा. आपल्याच मोहल्ल्यातला माणूस आहे, कशाला वाद?" माझा राग गॅरेजवाल्यापेक्षा या वाक्यावर जास्त आहे. आपण बेरीजसुद्धा तपासत नाही आणि त्याला सबुरी म्हणतो.

गॅरेजवाल्याचा हक्क मी नाकारत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १७० सांगतं की सोपवलेल्या वस्तूवर ज्याने ठरल्याप्रमाणे मेहनत किंवा कौशल्य खर्च केलं, त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू रोखून धरता येते. पण नीट वाचा: ठरलेल्या कामाचा मोबदला. जे काम सांगितलंच नव्हतं, त्याचे पैसे कशाचे? आणि आपल्या वसुलीसाठी गाडी अडवायची, वर त्या अडवणुकीचं भाडंही मालकाकडूनच घ्यायचं, हे त्या कलमात कुठे बसतं? दर आधी लिहून दिला असेल, किंवा तयार झालेली गाडी वारंवार निरोप देऊनही मालक नेत नसेल, तर भाड्याची मागणी समजू शकते. इथे दराचा पहिला उच्चार एकोणिसाव्या दिवशी झाला.

"कोर्टकचेरी आपल्यासारख्यांसाठी नाही," हे दुसरं आवडतं वाक्य. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागत नाही. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात अर्ज चालतो, तोही ऑनलाइन. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघता येतो. "तू तर गाडी धंद्यासाठी वापरतोस, तू कसला ग्राहक?" असं कोणी दटावलं, तर सांगा: पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला कायद्याने ग्राहकच मानलं आहे. डिलिव्हरीवाल्या पोरांनी हे पाठच करावं.

आम्ही काय केलं? व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टाने एक पानी पत्र पाठवलं. त्यात तीनच प्रश्न होते. पार्ट आणि मजुरी वेगवेगळी दाखवलेलं एस्टिमेट कुठे आहे? इंजिन खोलायला परवानगी कोणी दिली? पार्किंगचा दर कधी आणि कोणाला सांगितला? सोबत लिहिलं की वाद मिटावा म्हणून खोलण्याचे १,५०० द्यायला तयार आहोत, हरकत नोंदवून आणि पावती घेऊन. तिसऱ्या दिवशी फोन आला, "घेऊन जा." ३,८०० वर चकार शब्द नाही. तीच गाडी दुसऱ्या गॅरेजात ११,८०० मध्ये रस्त्यावर आली.

आपल्या चुकाही मोजू. गाडी सोपवताना जॉब कार्ड घेतलं नाही, फोटो काढले नाहीत. विमा फक्त थर्ड पार्टी होता, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीला त्यातून दमडी मिळणार नव्हती. पूर्ण विमा असेल, तर कंपनीला कळवल्याशिवाय आणि सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय गाडी खोलू देऊ नका. टेम्पोवाल्याच्या विम्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाई मागता येते, पण तिथे पक्की बिलं लागतात. कच्च्या चिठोरीवर काय मागणार?

आणि एक शब्द त्या पोरांसाठी, जी हातात पाना घेऊन उभी आहेत. आपल्यातली कितीतरी तरुण मुलं याच धंद्यात आहेत. ग्रीसने काळे झालेले हात इज्जतीचे आहेत आणि त्यांची मजुरी पूर्ण मिळालीच पाहिजे. म्हणूनच दर भिंतीवर लावा. एस्टिमेटवर सही घ्या. खोलल्यावर खर्च वाढत असेल तर फोन करा, "हो" आल्यावरच पुढे जा. लोक गाडी नुसती लावून जात नाहीत, अमानत म्हणून ठेवून जातात. जो उस्ताद लिहून देतो, त्याला पैसे बुडण्याचीही भीती कमी.

ग्राहकांनो, तुमच्याकडून एकच मागणी. रात्री पोरं घेऊन गाडी उचलून आणायला जाऊ नका. त्याने तुमची बाजूच बुडते. कागद काढा, तीन प्रश्न लिहा, पाठवा. आणि पुढच्या वेळी घरात कोणी "देऊन टाक" म्हणालं, तर आधी विचारा: कशाचे?