गोल्फचे मैदान 'सार्वजनिक', पण जंगलाचा निर्णय कोणाचा?

गडचिरोली : नवी मुंबईत खारघरच्या डोंगराखाली सिडकोने गोल्फचे मैदान केले आहे. सुमारे १०३ हेक्टर, म्हणजे अडीचशे एकर. २०१२ मध्ये ते सुरू झाले. क्लबचा सभासद नसला तरी पैसे भरून खेळता येते, म्हणून त्याला सार्वजनिक म्हणतात.

अशा मैदानाला डोंगर, झाडी, नाला असलेली जागा पसंत पडते. ती तर आपल्या जिल्ह्यात जिकडे तिकडे आहे. आज इथे चर्चा सुरजागडच्या खाणीची आहे. उद्या पर्यटनाच्या नावाने कोणी जागा मागितली, तर गाव काय म्हणणार?

गोल्फचे गवत बारमाही हिरवे लागते. त्याला सतत कापणी, खत, औषध आणि पाणी लागते. ज्या एप्रिल-मे महिन्यात गावच्या विहिरी तळ गाठतात, तेव्हाच त्या गवताला जास्त पाणी हवे. मोहफूल आणि तेंदूपत्त्याचा हंगामही तोच. गवत कापायला, सामान उचलायला चार माणसे लागतील, हे खरे. पण मोहफूल वेचायला घरातली म्हातारीही जाते, तिला कोणी कामावर ठेवावे लागत नाही.

कायदा काय सांगतो? वनहक्क कायदा २००६ नुसार शाळा, दवाखाना, अंगणवाडी, तलाव, रस्ता अशा १३ कामांसाठी वनजमीन देता येते. तीही प्रत्येक कामाला १ हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे न तोडता आणि ग्रामसभेच्या शिफारशीने. त्या यादीत गोल्फ नाही. मात्र २०२३ मध्ये वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. वनविभागाच्या कार्य आयोजनेत असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयींना त्यात सूट मिळाली. 'निसर्ग पर्यटन' या शब्दात काय काय बसवले जाईल, खरी गोम तिथेच आहे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. तिथले जंगलही सार्वजनिकच आहे. फरक एवढाच की निर्णय गावात होतो.

दावा मंजूर झाला म्हणून काम संपत नाही. सामूहिक हक्काचा कागद, नकाशा आणि कक्ष क्रमांक गावात कोणाकडे आहेत, हे आधी पाहावे. जंगलाचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेने स्वतः करून ठेवावा. पर्यटन हवे असेल तर किती, कुठे आणि उत्पन्न कोणाचे, हे त्यातच लिहावे. वनहक्काच्या ठरावाला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. बाहेरचा माणूस नकाशा घेऊन येईल, त्याआधी गावाचा नकाशा तयार असलेला बरा.