काखेत मठ अन् हिमालयाला वळसा

वयाची पंचावन्नी उलटली की मनुष्याला दोनच गोष्टींचा ध्यास लागतो, असे आमचे एक सहकारी नेहमी म्हणत. एक तीर्थयात्रेचा आणि दुसरा निवृत्तिवेतनाच्या हिशेबाचा. दुसऱ्या गोष्टीत आमचे गणित प्रथमपासूनच कच्चे, म्हणून आम्ही पहिलीकडे वळलो. चारधाम झाले होते, पंढरपूर तर आजोबांपासून चालत आलेले. या वेळी सौ.ने निराळेच नाव काढले. "स्पिती पाहू या," ती म्हणाली. कोणा मैत्रिणीकडून तिने त्या खोऱ्याचे वर्णन ऐकले होते. मुख्याध्यापकाला जूनचा पहिला पंधरवडाच काय तो मोकळा. तेवढ्यात जमवायचे ठरले आणि आम्ही बालाघाट सोडले.

शिमल्यापासून पुढची वाट सतलजच्या सोबतीने जाते. नारकंडा, रामपूर अशी गावे मागे पडतात आणि किन्नौर जिल्हा लागतो. देवदारांची हिरवी वनराई, सफरचंदांच्या बागा आणि खाली खोल दरीत गढूळ पाण्याचा अविरत घोष. खाब नावाच्या ठिकाणी स्पिती नदी सतलजला येऊन मिळते. तेथून मात्र सृष्टी जणू वस्त्र बदलते. हिरवा रंग संपतो. उरतात ते भगवे, करडे, जांभळे असे उघडेबोडके डोंगर आणि त्यांच्या कुशीत ओढून काढलेली रस्त्याची बारीक रेघ. वैनगंगेच्या काठी, भाताच्या बांध्यांत वाढलेल्या आमच्या डोळ्यांना एवढे शुष्क सौंदर्य पाहण्याची सवय नव्हती. सौ. कितीतरी वेळ काहीच बोलली नाही, यावरून वाचकांनी त्या दृश्याची कल्पना करावी.

ताबोचा मठ इ. स. 996 मध्ये स्थापन झाला. बाहेरून पाहावे तर मातीच्या बैठ्या भिंती. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्याची पडवी बरी म्हणावी. आत मात्र गडद काळोख. तेथे छायाचित्रे घेऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. डोळे अंधाराला सरावले तसतशा भिंतींतून मातीच्या मूर्ती पुढे येऊ लागल्या, कमळावर बसलेल्या, पूर्ण माणसाएवढ्या. आणि त्यांच्या भोवती सहस्र वर्षांपूर्वीचे रंग. या मठाला हिमालयातील अजिंठा म्हणतात. हे ऐकून मराठी मनुष्याच्या मनात काय होत असेल ते निराळे सांगायला नको. ज्या वाकाटक वंशातील पृथ्वीषेणाचे ताम्रपट आमच्या बालाघाटात सापडले, त्याच वंशाच्या वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम, शाखेतील हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची उत्तमोत्तम लेणी कोरली गेली. कोठे वाशीम, कोठे ताबो! परंतु त्या अंधारात उभे असताना हे अंतर आम्हांस जाणवेना.

या प्रदेशातील मठांशी रिन्चेन झांगपो या पंडिताचे नाव निगडित आहे. त्याचा काळ इ. स. 958 ते 1055 असा सांगतात. तो राजा नव्हता, योद्धाही नव्हता. तो भाषांतरकार होता. संस्कृत ग्रंथ तिबेटी भाषेत नेणे हेच त्याचे जीवितकार्य. भाषेच्या मास्तराला यापरते कौतुक कोणते? या भाषांतरकारांच्या परंपरेचे ऋण आपल्यावर किती आहे याची आपल्याला जाणीव नसते. नागार्जुनाने एका सातवाहन राजाला उपदेशपर पत्र लिहिले, ते 'सुहृल्लेख' या नावाने प्रसिद्ध आहे. मूळ संस्कृत आज उपलब्ध नाही. ते पत्र आपल्यासाठी राखले ते तिबेटी आणि चिनी भाषांतरांनी. आपल्या घरचे पत्र आपण हरवले आणि शेजाऱ्याने ते जपून ठेवले.

मठाच्या अंगणात एक वयस्क भिक्षू उन्हाला बसले होते. त्यांनी हिंदीत विचारपूस केली. बालाघाट हे नाव त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही म्हटले, गोंदियाजवळ. तेही नाही. शेवटी, जुन्या सवयीने, भंडाऱ्याचे नाव घेतले. त्याबरोबर त्यांचा चेहरा एकदम उजळला. "भंडारा! वहाँ तो हमारे लोग हैं. मेरी मौसी वहीं रहती थीं," ते म्हणाले आणि पुढे त्यांनी सहज विचारले, "आप तो वहाँ के मठ में जाते होंगे?"

वाचकहो, तीस वर्षे विद्यार्थ्यांना आम्ही प्रश्न विचारीत आलो. परंतु निरुत्तर होणे म्हणजे काय असते ते त्या दिवशी कळले. आम्ही कधीच गेलो नव्हतो.

पुढे की मठ पाहिला. समुद्रसपाटीपासून 4,166 मीटर उंचीवर, डोंगराच्या माथ्यावर घरांवर घरे रचल्यासारखा. कुंझुम खिंडीत, 4,551 मीटरवर, वाहनचालकाने रिवाजाप्रमाणे देवीच्या मंदिराला गाडीसकट प्रदक्षिणा घातली, सौ.ने हात जोडले आणि आम्ही श्वास मोजला. परतीला 2020 साली खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून आलो. हे सर्व रम्य होते, पण आमचे चित्त काही ठिकाणावर नव्हते. कानांत त्या भिक्षूंचा प्रश्न घुमत होता.

घरी आल्यावर शोध घेतला. तिबेटमधून 1959 नंतर आलेल्या निर्वासितांना भारतातील निरनिराळ्या राज्यांनी जमिनी दिल्या. कर्नाटकातील बैलकुप्पे सर्वांना ठाऊक आहे. सरगुजातील मैनपाटही आमच्या ऐकिवात होते. त्यांतलीच एक वसाहत 1972 मध्ये तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात गोठणगावजवळ वसली. तिचे नाव नोर्ग्येलिंग. जिल्हा 1999 मध्ये विभागला गेला आणि ती गोंदियात आली. परंतु तिबेटी लोक तिला अजून भंडाराच म्हणतात. म्हणजे आम्ही शाळेत पाढे म्हणत होतो तेव्हापासून हिमालय आमच्या अंगणाबाहेर येऊन बसला होता.

संक्रांतीनंतरच्या रविवारी निघालो. सोबत सौ. आणि आमची सात वर्षांची नात. राजेगावला वाघनदी ओलांडली की महाराष्ट्र लागतो. हा पूल ओलांडताना आमचे वडील नेहमी एक वाक्य बोलत, "आपण कोठे गेलो नाही रे, सीमाच आपल्यावरून गेली." ते खरेच होते. बालाघाट जिल्हा 1867 मध्ये निर्माण झाला तोच मुळी भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग घेऊन. नागपूर ही आमची राजधानी होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो.

गोंदिया, गोरेगाव, कोहमारा, मग नवेगावबांध. कोहळी समाजाने बांधलेले ते विस्तीर्ण तळे, आणि ज्यांनी आपल्या लेखणीने ते मराठी वाचकांच्या घरोघरी नेले त्या मारुती चितमपल्ली यांची आठवण; येथे क्षणभर थांबणे भागच होते. अर्जुनी मोरगाव मागे टाकल्यावर डोंगर जवळ येतात. प्रतापगडच्या डोंगरावर महादेव आणि दर्गा दोन्ही नांदतात. हे डोंगर हिमालयापुढे मुंगीएवढे. पण साग आणि मोह यांनी अंगभर पांघरलेले. आणि एका वळणावर, भाताच्या कापलेल्या बांध्यांपलीकडे, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पाच रंगांच्या पताका दिसल्या. नात ओरडली, "नानाजी, वो देखो!"

वसाहत सामसूम होती. हिवाळ्यात घरातील कर्ती माणसे शहरोशहरी लोकरीचे कपडे विकायला जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि लहान मुले. मठात तेच तुपाचे दिवे, तोच धूपाचा वास, त्याच कापडात बांधलेल्या पोथ्या. फक्त खिडकीबाहेर बर्फ नव्हते, पळसाचे झाड होते.

प्रार्थनाचक्रापाशी एक बाई जपमाळ ओढीत बसल्या होत्या. वय आमच्या आसपासचे. सौ.ने डबा उघडला आणि आम्ही आमच्या नित्याच्या सवयीने म्हणालो, "लीजिए, तिल के लड्डू हैं."

त्यांनी लाडू हातात घेतला, आमच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "तिळगूळ हाये ना जी? मंग मराठीत द्या ना. कोणतं गाव जी तुमचं?"

तो अस्सल झाडीपट्टीचा 'जी' ऐकून आम्ही चमकलो. आमची आजी असाच 'जी' लावीत असे. आमच्या घरातून तो केव्हा निघून गेला हे आम्हांस सांगता येणार नाही.

बाई बोलक्या होत्या. आईवडील तिबेटातून आले. त्या स्वतः लहानपणापासून येथेच. बाजारात मराठी, घरात तिबेटी. "पोट्ट्यायनं घरात हिंदी बोलली का माझी माय जेवाले नाई वाढे," त्या हसत म्हणाल्या. मग हसणे थांबले. मुलगा बंगळुरास, मुलगी परदेशी. नातवंडे दूरध्वनीवर बोलतात तेव्हा अर्धे शब्द इंग्रजी असतात. "आता कोनाले नाई वाढू सांगा?"

या प्रश्नालाही आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्यांचा देश हिमालयापलीकडे राहिला, त्यांना दोष कसा द्यावा? आमचे तसे नाही. आमच्या घराचा उंबरठाही हललेला नाही. शाळेची भाषा हिंदी, कचेरीची हिंदी, ते ठीकच; त्या भाषेने आम्हांस अन्न दिले आहे, तिच्याविषयी कृतघ्न होणार नाही. पण स्वयंपाकघरात हिंदी कोणत्याही शासनाने आणली नाही. ती आम्ही आणली. मराठीची पदव्युत्तर पदवी भिंतीवर टांगून ठेवली आणि नातीशी हिंदीत बोलत राहिलो, कारण ती चटकन उत्तर देई आणि आम्हांस घाई असे.

परतताना पुलावर अंधार पडला होता. नात पेंगुळली होती. मध्येच तिने विचारले, "नानाजी, उन दादी को मराठी किसने सिखाई?"

आम्ही म्हटले, "बाजाराने."

"और मुझे कौन सिखाएगा?"

सौ. खिडकीबाहेर पाहू लागली. आम्हीच बोलायचे होते.

त्यानंतर आमच्या घरी एक नियम झाला आहे. रात्रीच्या जेवणाला ताटावर बसल्यावर मराठीच बोलायचे. पहिल्या आठवड्यात जेवणे फार शांततेत झाली. नातीला वरण, भात, पोळी यांपलीकडे शब्द सापडेनात, आणि आम्हांलाही तिच्या शाळेतल्या गोष्टी मराठीत विचारताना अडखळायला होई, हे कबूल केले पाहिजे. गेल्या गुरुवारी मात्र तिने ताट पुढे सरकवले आणि गंभीरपणे म्हटले, "आजी, भात वाढ ना जी."

व्याकरणदृष्ट्या आजीला एकेरी आणि वर 'जी' हे मिश्रण काही बरोबर नव्हे. आम्ही दुरुस्ती केली नाही. सौ.ने भात जरा जास्तच वाढला.