फॅरोचा पुतळा आणि थकलेले धान्य

मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत अलीकडे एक नवी देवमंडळी येऊन बसली आहे. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, मांजराच्या रूपातील बास्टेट, सोनेरी मुखवट्याचा तुतनखामेन, निळ्या मुकुटाची नेफरतीती. रेझिनच्या साच्यातून काढलेल्या या मूर्तींची पूजा कोणी करीत नाही. त्या केवळ शोभेच्या. तरीही त्या घरातल्या मुलांना एक धडा देतच असतात : प्राचीन इजिप्त म्हणजे राजे आणि देव, बाकीचा समाज जणू नव्हताच.

ही हौस आपल्या भागाला अगदीच परकी नाही. हैदराबादच्या असफजाही राज्याचा संस्थापक निजाम-उल-मुल्क याची कबर खुलताबादेतच आहे. त्याच राज्यात सालारजंग घराण्याला मोठी जहागीर होती आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील अजिंठा गाव तिच्यात मोडत असे. १९२२ साली तुतनखामेनची कबर सापडली आणि इजिप्ती शोभेचे वेड जगभरच्या श्रीमंत घरांत शिरले. तिसऱ्या सालारजंगांच्या नावाने उभ्या असलेल्या हैदराबादच्या संग्रहालयात तुतनखामेनच्या सिंहासनाची प्रतिकृती आजही पाहावयास मिळते. १९५१ पासून हा संग्रह जनतेला खुला झाला, याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ज्या जहागिरींवर ही श्रीमंती पोसली गेली, त्यांचा वसूल कुणब्याच्या कष्टातून येत होता, हे ते सिंहासन पाहणाऱ्याच्या मनातही येत नाही.

कोणी म्हणेल, शोभेच्या वस्तूत वर्गसंघर्ष कशाला शोधता? त्याचे उत्तर इजिप्तनेच देऊन ठेवले आहे. फॅरोंच्या कबरी खोदणारे आणि रंगविणारे कारागीर देर-अल-मदीना या वस्तीत राहत. त्यांची मजुरी धान्याच्या रूपाने मिळे. तिसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी ११५७ च्या सुमारास, हे धान्य थकले. कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली, वस्तीबाहेर पडून ते एका राजमंदिरामागे जाऊन बसले आणि आम्ही भुकेले आहोत असे त्यांनी अधिकाऱ्यांना बजावले. थकलेले धान्य पदरात पाडूनच ते कामावर परतले. पुन्हा थकले तेव्हा पुन्हा बसले. लेखी नोंद असलेला जगातील हा सर्वांत जुना संप. त्याची हकीगत लिहिलेला पपायरस इटलीतील तुरिनच्या संग्रहालयात आहे. दिवाणखान्यातला फॅरो ही हकीगत सांगत नाही. त्या पुतळ्याला घासून रंग देणाऱ्या आजच्या कामगाराला मजुरी किती मिळाली, तेही पुतळ्याच्या तळाशी लिहिलेले नसते.

आता आपल्या दाराशी पाहू. खुलताबाद तालुक्यातच वेरूळ आहे. सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागील बाजूस १०७ फूट खोल असा डोंगर कोरून कैलास लेणे घडविले गेले. इ. स. ८१२ च्या बडोदा ताम्रपटात त्याचे श्रेय राष्ट्रकूट राजा कृष्ण याला दिलेले आहे. हे आपल्या हातून कसे घडले, असे शिल्पकारालाच आश्चर्य वाटले, असेही तो ताम्रपट सांगतो. शिल्पकाराचे नाव मात्र सांगत नाही. देर-अल-मदीनाच्या कित्येक कारागिरांची नावे आज ठाऊक आहेत, कारण त्यांचे हिशेब आणि पत्रे शिल्लक राहिली. वेरूळच्या पाथरवटांच्या नशिबी तेवढेही आले नाही.

आणि आम्ही अजून राजांवरूनच भांडतो आहोत. औरंगजेबाची खुलताबादेतील कबर ठेवावी की उखडावी, यावरून मार्च २०२५ मध्ये राज्यभर रण माजले आणि नागपुरात दंगल झाली. त्या गदारोळात येथील शेतमजुराच्या मजुरीचा प्रश्न कोणाच्या ओठी होता? राजाची आरती आणि राजाचा द्वेष या दोन्हींत राबणारा माणूस सारखाच बाहेर राहतो, आणि सत्ताधाऱ्यांना तेच सोयीचे असते.

म्हणून साथींना एक सूचना. पुढचा अभ्यासवर्ग वेरूळला भरवावा. तेथे राजाच्या नावापासून नव्हे, छिन्नीच्या खुणांपासून सुरुवात करावी, आणि त्याच दिवशी देर-अल-मदीनाच्या संपाची गोष्ट सांगावी. घरी अनुबिस असेल तर खुशाल असू द्या. पण मुलाने विचारले की हा कोण, तर देवाची कथा सांगून थांबू नका. धान्य थकले म्हणून काम थांबविणाऱ्या माणसांचीही सांगा.