चिठ्ठीवर भरवसा, माणसावर नाही

‘आरक्षणाने गुणवत्ता मारली’ म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो, गुणवत्ता मोजताना जात खोलीबाहेर ठेवली होती का?

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर भारतातील खेड्यांत ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित शाळकरी मुलांना कोडी सोडवायला दिली. सुटलेल्या कोड्यांवर पैसे. जात पुकारली नाही तेव्हा दोघे बरोबरीत. सर्वांसमोर पुकारली, की दलित मुले मागे पडली. याला न्यूनगंड म्हणून मोकळे होऊ नका! बक्षिसात चिठ्ठी काढण्याचा भाग आला, तेव्हा जात पुकारूनही फरक उरला नाही. म्हणजे पोरांना डोके होते, भरवसा नव्हता. तोही देणाऱ्या माणसावर.

हा संशय खोटा आहे का? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. २००७ साली निष्कर्ष छापून आला: दलित आडनावाला बोलावणे कमी.

आमच्या अभ्यासिकेतली मुले विचारतात, मुलाखतीत आडनाव सांगायचे का? ‘आत्मविश्वास वाढवा’ सांगत फिरणाऱ्या व्याख्यात्यांनी आधी त्यांना उत्तर द्यावे.