ट्विन टर्बोचा फंडा

गेल्या शनिवारी सकाळी सकाळीच एका मित्राचा फोन. 'अरे, सेकंडहॅण्ड बीएमडब्ल्यू बघतोय. थ्री सीरिज, पेट्रोल. एजंट म्हणतो ट्विन टर्बो आहे, म्हणून दीड लाख जास्त. दुपारी टोकन देतोय.' म्हटलं, बाबा रे, जरा दम धर. आधी बॉनेट उघड आणि फोटो पाठव. फोटो आला. इंजिनाच्या कव्हरवर ऐटीत लिहिलेलं, 'ट्विनपॉवर टर्बो'. आणि इंजिन? दोन लिटर, चार सिलिंडर. बॉस, यात टर्बो एकच असतो!

एजंट मुद्दाम थापा मारत होता असंही नाही. त्यानं पाटी वाचली आणि सरळ अर्थ लावला. तुम्हीही तोच लावला असता.

टर्बो म्हणजे मुळात टाकाऊतून टिकाऊ. इंजिनात पेट्रोल जळल्यावर जो गरमागरम वायू सायलेन्सरच्या वाटेनं बाहेर पडतो, त्यात बरीच ताकद शिल्लक असते. त्या वाटेत एक छोटं चक्र बसवायचं, ते म्हणजे टर्बाइन. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचं चक्र. पहिलं फिरलं की दुसरं फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणून जास्त ताकद. हवा दाबली की तापते, म्हणून मधे इंटरकूलर. स्विस इंजिनीअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ सालीच याचं पेटंट घेतलं होतं.

लोच्या होतो तो चक्राच्या आकारामुळे. मोठा टर्बो भरपूर हवा देतो, पण तो जड. कमी आरपीएमला त्याला फिरवण्याइतका वायूच येत नाही. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता, गाडी क्षणभर विचारात पडते आणि मग एकदम लाथ मारल्यासारखी सुटते. हाच तो टर्बो लॅग. छोटा टर्बो पटकन जागा होतो, पण वरच्या आरपीएमला त्याचा श्वास कोंडतो. मग दोन का नकोत?

दोन टर्बो बसवायच्याही दोन तऱ्हा. पहिली पॅरलल. दोन्ही सारखे, प्रत्येकाला अर्धे सिलिंडर वाटून दिलेले. १९८१ च्या मसेराटी बायटर्बोमध्ये व्ही-सिक्स इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक होता. १९८९ मध्ये आलेल्या निसान स्कायलाइन जीटी-आरमध्ये सहा सिलिंडर एका रांगेत, तीन-तीन एकेकाकडे. चक्रं हलकी असली की लवकर फिरतात, म्हणून तिथं टर्बाइनला सिरॅमिकची चक्रं दिली. हौशी मंडळींनी बूस्ट वाढवला की तीच फुटायची! कागदावर ताकद २८० पीएस, कारण जपानी कंपन्यांनी त्यापुढचा आकडा जाहीर करायचा नाही असं आपसांत ठरवलेलं. २००४ मध्ये ते बंधन गेलं.

दुसरी तऱ्हा सीक्वेन्शियल, आणि ही मला जास्त आवडते. लग्नाच्या पंगतीसारखं. सुरुवातीला माणसं थोडी, एकच वाढपी भरभर वाढतो. गर्दी झाली की दुसरा मदतीला येतो. १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये हे होतं. मग नव्वदच्या दशकात टोयोटा सुप्रा आली. हो, तीच, २००१ च्या 'द फास्ट अ‍ॅण्ड द फ्युरिअस'मधली नारिंगी! तीन लिटरचं इंजिन, खाली एक टर्बो आणि साधारण ४००० आरपीएमच्या आसपास दुसरा सामील. माझदा आरएक्स-७ मध्येही हाच प्रकार, पण रोटरी इंजिनाला. तिचा बूस्ट १० पीएसआयवर चढायचा, दुसरा टर्बो येताना ८ वर पडायचा, पुन्हा १० वर जायचा. हा खांदेपालट घडवायला बॉनेटखाली व्हॅक्यूमच्या रबरी नळ्यांचं असं जाळं, की मेकॅनिकनं हात जोडावेत. एक नळी जुनी होऊन तडकली की सगळं गणित फिसकटलं. म्हणून तर सुप्रा आणि आरएक्स-७ चे कितीतरी मालक दोन्ही टर्बो काढून एकच मोठा बसवून घेतात. लॅग परवडला, पण नळ्या नकोत!

आता मित्राच्या पाटीकडे. २००६ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू ३३५आयमध्ये खरोखरच दोन टर्बो होते. तीन लिटर, ३०६ पीएस, आणि ४०० न्यूटन मीटरचा टॉर्क १३०० आरपीएमपासून. २००९ मध्ये कंपनीनं त्या जागी नवं इंजिन आणलं. ताकद तीच, टॉर्क तेवढाच, तोही १२०० पासून. आणि टर्बो? एक! फक्त ट्विन-स्क्रोल. म्हणजे टर्बाइनकडे येणारी वाट मधे पडदा घालून दुभंगलेली. चार सिलिंडरच्या इंजिनात एक आणि चार एका वाटेनं, दोन आणि तीन दुसरीनं. त्यामुळे एकाच्या वायूचा झोत दुसऱ्याच्या आड येत नाही आणि चक्राला नीट धक्के बसतात. हा टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन आणि व्हॉल्व्हची खास यंत्रणा, या सगळ्या पॅकेजला ट्विनपॉवर टर्बो हे नाव. मोठ्या व्ही-एट इंजिनांवरही तेच नाव असतं आणि तिथं टर्बो खरंच दोन असतात. आता बोला!

तर पाटी वाचू नका, टर्बो मोजा. इंजिनाचा कोड विचारा. थंड इंजिन सुरू करायला लावा आणि मागून निळसर धूर येतो का बघा. टर्बोच्या सीलमधून ऑइल जात असेल तर तिथं कळतं. खरोखर दोन टर्बो असतील तर चक्रं दोन, सील दुप्पट, ऑइलच्या नळ्या दुप्पट, आणि दहा वर्षांच्या गाडीत बिलही त्याच हिशेबानं. जास्त पैसे मागायचं ते कारण आहे की कमी करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

मित्रानं एजंटला बॉनेटपाशी उभं करून एवढंच विचारलं, 'दुसरा दाखवा.' दीड लाख तिथल्या तिथे उतरले. त्यातले किती पहिल्या सर्व्हिसिंगला जातात, ते पुढच्या महिन्यात कळेलच.