राखावें तें काय?

एखादी वस्तु राखावयाची म्हणजे ती आहे तशीच ठेवावयाची, असा आपला सामान्य समज असतो. वडिलार्जित पेटीपुरता तो ठीक आहे. पण डोंगर, नद्या व झरे यांस तो लागू पडत नाहीं. याचें उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेंतील यलोस्टोन हें राष्ट्रीय उद्यान होय. सुमारें ९,००० चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश इ. स. १८७२ मध्यें कायद्यानें राखला गेला; परंतु तो त्या दिवशीं होता तसा आज राहिलेला नाहीं.

या भूमीच्या पोटांत अग्नि आहे. सुमारें ६,४०,००० वर्षांपूर्वीं तेथें ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, आंतील शिलारस बाहेर पडला आणि वरची जमीन खचून विस्तीर्ण खळगा झाला. खोलवरची ती उष्णता अद्यापि शमलेली नाहीं. पावसाचें व बर्फाचें पाणी भेगांतून खालीं झिरपतें आणि तप्त खडकांच्या संगतीनें कढूं लागतें. अरुंद वाटेंत वरच्या पाण्याच्या भारानें कोंडलेलें तें पाणी शेवटीं वाफेच्या जोरानें कारंज्यासारखें आकाशांत उसळतें. अशीं कारंजीं तेथें पांचशेंहून अधिक आहेत.

१७ ऑगस्ट १९५९ च्या रात्रीं उद्यानाच्या पश्चिम सीमेपलीकडे ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगराची एक बाजू मॅडिसन नदीच्या दरींत कोसळली, नदी अडली व तेथें नवें सरोवर झालें. या उत्पातांत २८ माणसें प्राणांस मुकलीं. उद्यानांतील शेंकडों झऱ्यांचें वर्तन बदलून गेलें. जून २०२२ मध्यें महापुरानें उत्तरेकडील रस्ता जागोजागीं वाहून नेला. तेव्हां उद्यानाच्या चालकांनीं उंचावरील जुनी घोडागाडीची वाट सुधारून वाहतूक सुरू केली. नदीला वाट देऊन मनुष्य बाजूस सरला, हें मला शहाणपणाचें वाटतें.

यावर कोणी म्हणेल, "निसर्गच जर इतकी मोडतोड करितो, तर माणसाच्या हातून थोडी झाली म्हणून काय बिघडलें?" हा युक्तिवाद फसवा आहे. तेथें मॉर्निंग ग्लोरी नांवाचें, त्याच नांवाच्या फुलासारखें निळेंशार कुंड होतें. प्रवाशांनीं गंमत म्हणून त्यांत नाणीं व इतर जिन्नस टाकले. १९५० सालीं तें साफ करितांना नाणीं, रुमाल, टॉवेल अशा कितीतरी वस्तु निघाल्या. पुढेंही कचरा पडतच राहिला. खालून येणाऱ्या उष्ण पाण्याची वाट चोंदली, कुंड थंडावलें आणि कमी उष्णतेंत वाढणारे पिंवळे-नारिंगी सूक्ष्म जीव कांठाकडून आंत पसरले. निळाई आक्रसली.

भूकंप एक झरा बंद करितो आणि दुसरा उघडतो. नाणें मात्र नुसती वाट बुजवितें. म्हणून राखावयाचें तें भूमीचें आजचें रूप नव्हे, तर तें रूप घडविणाऱ्या शक्तीची मोकळीक. सृष्टिकर्त्याचें काम अजून चाललें आहे. त्यांत आपण अडथळा होऊं नये, इतकेंच आपलें कर्तव्य.

आपला सह्याद्रिही सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वींच्या अग्निरसाच्या थरांचा बनलेला आहे. पाऊस त्याला दरवर्षीं कोरतो. तें त्याचें कामच आहे. परंतु सहलीस गेलेल्या मुलानें त्याच खडकावर आपलें नांव कोरावें कीं न कोरावें, हें सर्वस्वीं त्या मुलाच्या हातीं आहे.