ब्रेक कुणी मारला?

परवा विरारहून भाचीचा फोन आला. "मामा, टेस्ट पास झाले!" मी अभिनंदन केलं आणि सहज विचारलं, "मग आता हायवेला एकटी जाशील?" पलीकडे शांतता. मग हळूच म्हणाली, "एवढ्यात नको बाबा."

आमच्या वसई-विरारला गाडी शिकायची म्हणजे भल्या सकाळी नाक्यावर उभं राहायचं. शेजारच्या सरांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक. शेअर रिक्षा आडवी येते, गाडी थांबते. पण ती आपण थांबवली की सरांनी, हे शेवटपर्यंत कळत नाही! मीही असाच शिकलो. टेस्टला थोडं पुढे, थोडं मागे, झालं. बाकीचं शिक्षण बंपर चेपवून घेतलं.

म्हणून २०१९ साली डेहराडूनच्या आरटीओत सुरू झालेली पद्धत मला पटते. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या मंडळींची ही कल्पना. साधा स्मार्टफोन पुढच्या काचेला लावायचा. एक कॅमेरा रस्त्याकडे, दुसरा चालवणाऱ्याकडे. पट्टा लावला का, लेन बदलण्याआधी आरशात पाहिलं का, सगळं टिपलं जातं. तिथे ना वशिला, ना साहेबांचा मूड.

पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. हा फोन परीक्षेच्या दिवशी कशाला, शिकतानाच लावा ना! आणि सरांच्या ब्रेकखाली एक स्विच बसवा. आज सरांना सात वेळा ब्रेक मारावा लागला, उद्या पाच, परवा दोन. शून्य झालं की मगच टेस्ट. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी २९ तासांचा अभ्यासक्रम आलाय. चांगलं आहे, पण तास भरले म्हणजे हात बसला असं नाही.

कुणी म्हणेल, उलट्या बाजूने येणारा बाइकवाला सेन्सरला काय कळणार? खरंय. रस्ता रस्त्यावरच शिकावा लागतो. पण आपण कुठे चुकतो ते तरी कळेल. सप्टेंबर २०२२ मध्ये सायरस मिस्त्री गेले ते याच हायवेवर, चारोटीजवळच्या पुलावर. हा रस्ता नवखा-जुना बघत नाही.

असो. रविवारी सकाळी भाचीबरोबर वसई फाट्यापर्यंत जाणार आहे. गाडी ती चालवेल. माझ्या पायाखाली ब्रेक नसेल, एवढीच काय ती धाकधूक!